पत्त्यांआडून

सोमवार, संध्याकाळ

विहीणबाई,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण ते मी हातचं राखून ठेवलंय. उगाच खोटं कशाला?

हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवून जातेय, म्हणजे उद्या चहा करताना तुम्हाला सापडेल. मला काही पत्रं लिहायची हौस नाही. फोनच केला होता. दोनदा तुम्ही उचलला नाहीत. तिसऱ्यांदा उचललात, "हो हो, चालेल" म्हणालात आणि ठेवून दिलात. मी विचारलं होतं, "लोहाची गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर?" त्यावर "हो हो, चालेल" हे काय उत्तर झालं? शेवटी दुकानात जाऊन औषधवाल्याला विचारून आले. जेवणानंतर. लिहून ठेवा.

आता इथलं. तुमची लेक ठीक आहे. सहावा महिना, डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलंय, आणि मागच्या खेपेला जे झालं त्यानंतर कुणी त्यांच्या शब्दाबाहेर जाईल असं मला वाटत नाही. पण ती कंटाळलीय. बँकेत दिवसभर माणसांचा राबता असायचा, आता छताकडे बघत पडायचं. तुम्ही मंगळ-गुरु-शनि, मी सोम-बुध-शुक्र, रविवारी माझा मुलगा घरी. आपल्याला एकमेकींचं तोंड बघायला लागू नये अशी ही वाटणी त्यानेच केली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एक वर जाताना दुसरी खाली, हे त्याला बरोबर जमतं. स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र महिनाभर बंद आहे. तीन जिने चढून आले की माझे गुडघे तुमच्या जावयाचा उद्धार करतात.

दोन तक्रारी. एक, टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवून जाता की आज मी बटण दाबलं आणि समोरच्या बाई दारात आल्या. दोन, तिच्या उशीशी पाण्याची बाटली भरून ठेवत चला.

आणि तिने पत्त्यांचा लकडा लावलाय. तिला 'नॉट ॲट होम'च खेळायचंय. मी म्हटलं, "अगं, दोघींत तो खेळ कसा होणार? चार राजे, चार राण्या असे गट जमवायचे, ज्याच्याकडे पान असेल असं वाटतं त्याच्याकडे मागायचं, नसलं तर तो 'नॉट ॲट होम' म्हणणार. दोघीच असलो तर माझ्याकडे नाही ते तुझ्याकडे. मागायचं काय आणि लपवायचं काय?" तर म्हणाली, "मग तिसरं माणूस आणा." कुठलं तिसरं माणूस, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुमची,
विहीण


बुधवार

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. "पत्ते नकोत. त्या दिवशीचं पुरे झालं." पाच-सहा शब्दांत माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं कसं करायचं हे तुमच्याकडून शिकावं.

त्या दिवशीचं काय झालं होतं ते मी एकदाच लिहिते. पोरांच्या लग्नाचा वाढदिवस. जेवणं व्हायची होती, म्हणून चौघं पत्ते घेऊन बसलो. माझ्याकडे तीन तिर्र्या होत्या. चौथी, किलवरची, तुमच्याकडे असणार असा माझा अंदाज होता. मी मागितली. तुम्ही म्हणालात, "नॉट ॲट होम." खेळ संपला, तुम्ही पानं टाकलीत, आणि त्यात किलवर तिर्री! मी म्हटलं, "अहो, ही काय घरात बसलीय!" तर तुम्ही म्हणालात, मी दुर्री मागितली होती. दुर्री! माझ्या हातात एकही दुर्री नव्हती, मी कशाला मागेन? आणि मग सगळ्यांसमोर, माझ्या मुलासमोर, "तक्रारखिडकीवर बसून बसून शब्द फिरवायची सवय लागलीय तुम्हाला."

मोठ्या दुकानाच्या तक्रारखिडकीवर मी जन्म काढला. फाटके बूट, जळालेल्या इस्त्र्या, चार धुण्यांत विटलेले कोट, आणि "घेतला तेव्हापासूनच असा होता" म्हणून शपथ घेणारी माणसं. मी शब्द फिरवले नाहीत, फिरवणाऱ्यांचे पकडले. मग मीही बोलले. "पोहण्याच्या तलावावरची शिट्टी तोंडातून काढा आणि माणसांत बसायला शिका." ते मी बोलले, नाकारत नाही. त्याचं मला वाईट वाटतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. बरं, नका बोलू. पण तुमची लेक सांगते की तिच्याबरोबरही तुम्ही पत्त्यांना बसत नाही, चष्मा विसरला म्हणता. चष्मा तर तुमच्या गळ्यातच लटकत असतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका, एवढंच.

आज तिने सूप सगळं संपवलं. बाळ दुपारभर लाथा मारत होतं. हे तुम्हाला कळावं असं वाटलं म्हणून लिहिलं.


शुक्रवार

विहीणबाई,

आज नमस्कारही नाही.

काल काय झालं ते मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. ते कळलं तुमच्या जावयाकडून, तेही आज सकाळी, जिन्यात. काल दुपारी तिच्या पोटात कळ आली. तिने तुम्हाला हाक मारली. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. परत मारली. तुमची भांडी घासायची चालूच. "आई, आई" करत राहिली आणि शेवटी उठून, भिंतीला धरून धरून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली. जिला पलंगावरून पाय खाली टेकवायचा नाही, ती! तुमची पाठ होती. तिने खांद्याला हात लावला तेव्हा तुम्ही दचकलात आणि हातातली बशी फुटली.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, धोका टळला, सगळं खरं. पण टळला नसता तर?

मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "दुखतंय का?" तर म्हणाली, "नाही. आई माझ्यावर रागावलीय. हाक मारली तरी ओ देत नाही." मी म्हटलं, "अगं, नळाचा आवाज असेल." तर म्हणाली, "कालचं नाही हो. हे बरेच दिवस चाललंय."

विहीणबाई, माझ्यावर हजारदा रागवा. माझी कातडी जाड आहे. पण पोटुशी पोर हाक मारतेय आणि आई भांडी घासतेय, हा कुठला राग? पाठ फिरवून उभं राहणं तुम्हाला जमलं तरी कसं? मला उत्तर हवंय. "हो हो, चालेल" नकोय.


सोमवार, सकाळी

विहीणबाई,

हे पत्र डब्याखाली ठेवत नाही. मुलाच्या हाती तुमच्या घरी पाठवतेय, पाकीट चिकटवून.

शनिवारी तुम्ही चिठ्ठी ठेवून गेलात. "माझी चूक झाली. यापुढे माझ्या दिवशीही तुम्हीच येत चला." बस्स. ना कारण, ना भांडण, ना उलटून एक शब्द. मी ती चार वेळा वाचली. तुम्ही आणि चूक कबूल! खिडकीवर मी एक गोष्ट शिकले. जो माणूस लगेच चूक कबूल करतो, त्याची खरी अडचण दुसरीच असते. एक गृहस्थ मिक्सर परत घेऊन आले होते, म्हणाले, "माझ्याच हातून बिघडला, पैसेही नकोत, फक्त ठेवून घ्या." मिक्सर धडधाकट होता. बायको गेली होती आणि तो घरात बघवत नव्हता.

खरं सांगायचं तर चिठ्ठी वाचायच्या आधीच मी शनिवारी सकाळी, तुम्ही लेकीकडे जायच्या आधी, तुमच्या तलावावर गेले होते. भांडायला गेले होते. तुमच्या विद्यार्थ्यांसमोर भांडावं अशी माझी फार इच्छा होती. तिकीट काढून वरच्या बाकावर बसले. पाण्यात ती चिमुरडी पोरं, रंगीत टोप्या घातलेली. तुम्ही काठावर शिट्टी घेऊन उभ्या. पोरं तुमचं ऐकतात, हे मला कबूल करावं लागेल.

मग पिवळ्या टोपीतली मुलगी तुमच्या मागच्या बाजूला काठाला आली. "बाई!" म्हणाली. तुम्ही हलला नाहीत. "बाई, बाई, माझ्या नाकात पाणी गेलं!" वरच्या बाकापर्यंत मला ऐकू येत होतं. तुम्ही तिच्यापासून दोन हातांवर होतात. समोरच्या पोराने तुमच्या मागे बोट दाखवलं तेव्हा तुम्ही वळलात आणि तिला उचललंत. नंतर ती बोलत असताना तुम्ही तिच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होतात.

मी भांडायला म्हणून आणलेले सगळे शब्द घेऊन तशीच घरी आले.

मग एकेक आठवायला लागलं. टीव्ही. फोन. "हो हो, चालेल." कुठेही गेलात की सगळ्यांत जास्त तुम्हीच बोलता, ते. मला वाटायचं केवढा हा तोरा! पण जो सतत बोलतो त्याला ऐकावं लागत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आणि ती तिर्री. मी काल आरशासमोर बसून पाहिलं. दुर्री म्हणताना ओठांचा चंबू होतो, तिर्री म्हणताना ते फाकतात. ओठ बघणाऱ्याला फरक कळायलाच हवा. पण मी खेळताना पत्ते तोंडासमोर धरते. लहानपणापासून धरते. माझ्या पत्त्यांआडून तुम्हाला काय दिसणार होतं, कपाळ?

विहीणबाई, तुम्हाला ऐकू येत नाही. हो ना?

एवढंच होतं तर सांगायचं होतं! जवळजवळ वर्षभर मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्यात, त्यांचा हिशोब कोण देणार? त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या भरवशावर पोरीला पलंगावर झोपवून आम्ही निर्धास्त होतो. आणि तलावावर दुसऱ्यांची पोरं आहेत.

चिडूनच लिहितेय. पण तुमच्यावर किती आणि माझ्यावर किती, ते मला नीट सांगता येत नाही.


बुधवार

विहीणबाई,

काल रात्री, मी पोरीकडून परतल्यावर, तुम्ही माझ्या घराच्या दारात उभ्या राहिलात तेव्हा मी आधी घाबरले. केस ओले, पायांत तलावावरच्या चपला. बसा म्हणायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "कुणाला सांगितलंत?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही."

"मुलाला?"

"नाही म्हटलं ना."

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मला बोलताना इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. मग तुम्ही सांगितलंत. डावा कान गेलाच. उजवा चालतो, पण आजूबाजूला शांतता हवी, माणूस समोर हवा. दोन-अडीच वर्षं. डॉक्टरकडे गेलाच नाहीत.

"का पण?" मी ओरडले. ओरडण्याचा उपयोग नसतो, ते तुम्हीच मला सांगितलंत. ओठ वेडेवाकडे होतात म्हणे.

"आमची आई बहिरी झाली होती," तुम्ही म्हणालात. "आम्ही भावंडं तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचो. हसायचो. सगळे हसतात म्हणून तीही हसायची. कशाला हसतोय हे तिला ठाऊक नसायचं. मला तसं हसायचं नाहीये."

मी उठून चहा केला. साखर घालायची राहिली. तुम्ही तसाच प्यायलात.

पण माझं म्हणणं मी बदललेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला तक्रार नोंदवल्याशिवाय झोप लागत नाही." नाही लागत! रविवारपर्यंत तुम्ही लेकीला सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते तुम्हाला आवडेल अशा शब्दांत नसेल. तलावावरही तुम्हीच सांगा. ती पिवळी टोपी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि तुमच्याही हलत नसणार, हे मला काल तुमच्या चेहऱ्यावर दिसलं.

काल बोलायचं राहिलं ते असं. उद्या आणि परवा, तुमच्या-माझ्या दोन्ही दिवशी मी येणार आहे, आणि तुम्हीही यायचं. रागवा. एक स्वयंपाकघरात आणि एक तिच्याजवळ. नाहीतर दोरी आणते, एक टोक तिच्या मनगटाला, एक तुमच्या. बघा काय पसंत आहे.

आणि रविवारी पत्ते. चौघं. तुम्ही नाही म्हणालात तर मी ऐकणार नाही, मलाही ती कला येते. तुमच्यासमोर मी बसेन. पानं हनुवटीच्या खाली धरेन.


सोमवार

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

काल निघताना जिन्यात तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "ती काय बोलली ते मला कळलंच नाही. तुम्ही लिहून द्या." म्हणून लिहितेय. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "माझ्याच्याने परत बोलवणार नाही. तुम्हीच लिहा."

तुम्ही पानं वाटता वाटता सांगितलंत, ते बरं केलंत. "मला ऐकू येत नाही गं," असं पत्ते मोजल्यासारखं, मान खाली घालून. माझा मुलगा नुसता बघत राहिला. एवढ्या लिफ्टचे बारीक आवाज ओळखणारा माणूस, आणि सासूबाईंचं काही कळलं नाही त्याला! तुमच्या लेकीने विचारलं, "कधीपासून?" तुम्ही सांगितलंत. तिने हातातली पानं पलंगावर टाकली, सगळी उताणी, आणि तुम्हाला जवळ ओढून तुमच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवत "हो, हो" म्हणत होतात. मला कळत होतं की तिचं तोंड तुम्हाला दिसत नाहीये आणि तुमच्यापर्यंत एक अक्षरही पोचत नाहीये. मी मध्ये पडायला हवं होतं का? मला सुचलं नाही. मुलाला खुणेने बाहेर घेऊन गेले, पण दाराशीच उभी राहिले, म्हणून ऐकलं.

ती हे बोलली.

मागच्या खेपेला, मूल गेलं त्या दिवशी, तिने पहिला फोन तुम्हाला केला होता. नवऱ्याच्याही आधी. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये भिंतीशी उभी राहून. ती म्हणाली, "आई, संपलं सगळं." आणि तुम्ही म्हणालात, "छान झालं! सुटलीस एकदाची." मग तुम्ही तिला विचारलंत, आता तरी दोन दिवस रजा देतील ना? तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी जावयाकडून कळल्यावर तुम्ही धावत आलात, तिच्याजवळ बसलात, तिच्यासाठी काय काय केलंत, ते मी पाहिलंय. पण ती तुमच्याकडे बघत नव्हती. तुम्हाला वाटलं, दुःखात आहे. मलाही तेच वाटलं. तिने तो फोन कुणालाही सांगितला नाही. तिला वाटत राहिलं की आपल्या आईला ते मूल नकोच होतं. नोकरीच्या आड येणार म्हणून नको होतं. आणि आता हे दुसरंही नकोय, म्हणूनच हाक मारली तरी आई ओ देत नाही. एवढं सगळं उराशी धरून पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मी तिला नळाच्या आवाजाचं सांगत होते.

तुम्ही गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "त्या आठवड्यात तुझ्या बँकेत काय चाललं होतं?"

तिने आठवलं. "तपासणी. मोठे साहेब आले होते. मी रोज आईजवळ कुरकुर करायचे."

"मग आईला फोनवर एक 'संपलं' तेवढं ऐकू आलं असेल. काय संपलं असं तिला वाटणार?"

तिने पलंगावरची पानं एकेक करून गोळा केली. मग तिने विचारलं, "खरंच तसं असेल?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी का तिथे होते? आईला विचार. समोर बसवून विचार."

माझा अंदाज चुकीचा असेल तर तिला तसं सांगा. पण माझा अंदाज चुकलेला नाही. मी माणसं ओळखते, तुम्ही सोडून.

कानाच्या डॉक्टरांकडे शुक्रवारी सकाळी जायचंय. मी तुमच्या घरी येईन. तलावावर तुम्ही सांगून आलात हे मला जावयाकडून कळलं, आणि खोल पाण्याकडची पोरं दुसऱ्या बाईंकडे दिली हेही. तुम्हाला ते किती लागलं असेल ते मी विचारणार नाही. विचारलं तर तुम्ही शिट्टी वाजवाल.

हे पत्र मी तुमच्या हातात देतेय, आणि तुम्ही ओट्याशी उभ्या राहून वाचत असताना मी मुद्दाम तुमच्याकडे बघत नाहीये. वाचून झालं की डोळे पुसा आणि आत जा. ती जागी आहे, सकाळपासून तुमचीच वाट बघतेय. खिडकीचा पडदा मी सरकवलाय, उजेड तिच्या तोंडावर येईल. खुर्ची पलंगाशी लावून ठेवलीय.

गॅसवर दूध आहे. ते मी बघते, तुम्ही जा.